पाय उचलल्यावर

चंद्रहास पेडणेकर गेल्यावर घरी भेटायला जो कोणी येई, त्याला लतिकाबाई एकच गोष्ट सांगत. चहाचा कप पुढे सरकवला की सुरुवात होई.

"नवमीला मी गाडी जागची हलू दिली नाही. घरातली हत्यारं पुजली, गाडीला झेंडूची माळ घातली, आणि दिवसभर चार्जिंगला लावून ठेवली. म्हटलं, तिचाही सण आहे, पोटभर असू दे. आणि देवीची कृपा बघा, सणाचे म्हणून लाईटसुद्धा एकदा गेली नाही. माझ्याकडून काही म्हणून कमी पडलं नाही."

आलेला माणूस मान डोलावी. काहीजण गाडीकडे बघत, म्हणजे अंगणात ती जिथे उभी असायची त्या रिकाम्या जागेकडे. विनिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐके. आई हे माणसांना सांगत नाही, वर कुणाला तरी सांगते आहे, असं तिला आधी वाटायचं. पुढे पुढे ती वाक्यं कुकरच्या शिट्टीसारखी कानावरून जाऊ लागली.

चंदनसारच्या डोंगराच्या अंगावर जी बैठ्या घरांची रांग चढत गेली आहे, तिच्या अगदी टोकाला पेडणेकरांचं घर. घर बांधलं तेव्हा चंद्रहास नोकरीत होते आणि लतिकाबाईंचे गुडघे धड होते, त्यामुळे चढाचं कुणाला काही वाटलं नाही. हवा चांगली, जागा मोठी, एवढंच बघितलं. पुढे गुडघे गेले आणि त्या उतारामुळे लतिकाबाईंना घर तुरुंग झालं. खालून सरळ वर येणारा खडीचा रस्ता, तळाशी एकदम वळण आणि वळणावर मोरीचा दगडी कठडा. रिक्षावाले कठड्यापाशीच थांबत. "काकू, वर नाय येत. इंजिन बसतं," म्हणत.

चंद्रहासांनी सगळी नोकरी एका मोठ्या गोदामात माल उचलणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून एका रिक्षाचा सांगाडा आणला आणि अंगणात आणून उभा केला. लतिकाबाईंनी कपाळाला हात लावला. वर्षभरात त्या सांगाड्याला बॅटऱ्या बसल्या, मोटार बसली, सीटखाली मोटार चालवणारा कंट्रोलर बसला. हँडल रिक्षाचं, पॅडल फोर्कलिफ्टचं, आणि मागे लतिकाबाईंसाठी जुन्या सोफ्याची अर्धी बैठक. गाडी आवाज न करता उतारावरून खाली जाई आणि आवाज न करता वर येई. गल्लीतली कुत्री सुरुवातीला तिच्यावर भुंकलीसुद्धा नाहीत, कारण ती आल्याचं त्यांना कळायचंच नाही.

"पाय उचलला की झालं," चंद्रहास सांगत. "ब्रेक मारावाच लागत नाही. मोटारच उलटी ओढून धरते, आणि ती वीज परत बॅटरीत जाते. बाईसाहेबांपेक्षा जास्त ऐकते."

"ती तुमचा स्वयंपाक करत नाही म्हणून," लतिकाबाई मागच्या सोफ्यावरून म्हणत.

दसऱ्याच्या सकाळी ते आपट्याची पानं आणि श्रीखंड आणायला एकटेच निघाले. माळ अजून गाडीच्या पुढे होती, चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा डाग अंगणात होता. गाडी उतारावरून गेली ती सरळ कठड्यावर.

शेजारची रुचिता तेव्हा दारात रांगोळी काढत होती. जे घडलं ते पाहणारी ती एकटीच. विनिताने तिला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि ती पोरगी बिचारी दर वेळी तेवढंच सांगत राहिली.

"ताई, काका शांत बसले होते. ओरडले नाहीत, काही नाही. हँडल धरून नुसते बसलेले. पाय पण उचललेला होता, मला दिसला ना. ब्रेकवर नव्हताच पाय."

या शेवटच्या वाक्याने विनिताचं खाणंपिणं गेलं.

कारण दसऱ्याच्या आधीचे काही महिने अप्पा गप्प गप्प झाले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. बारीक स्क्रू दिसत नाहीत म्हणून त्यांनी हत्यारांची पेटी युजीनला, गोदामातल्या त्यांच्या जुन्या जोडीदाराला, देऊन टाकली होती. एकदा विनिता नालासोपाऱ्याहून आली असताना जेवताजेवता म्हणाले, "आता माझ्याकडून काही नवीन होणं नाही." ती आमटी वाढत होती. "असं काय बोलता अप्पा," एवढंच म्हणाली आणि आमटी वाढून पुढे गेली. त्या वाक्याच्या शेजारी तिने रुचिताचं वाक्य ठेवलं आणि मग त्या दोन वाक्यांच्या मधून तिला बाहेर पडता येईना. जन्मभर गाड्या थांबवणारा माणूस. उतार त्याचा रोजचा. ओरडला नाही. पाय उचललेला.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला, जितेंद्रलाही नाही. तो विचारी, "झोपत का नाहीस?" ती म्हणे, "डास आहेत." ग्रंथालयात ती पुस्तकं लावी, पावत्या फाडी, वाचकांना हवं ते काढून देई, आणि मधेच एखादं पुस्तक हातात धरून कपाटांच्या बोळात उभी राही. मरण स्वतःच्या हातांनी आणणाऱ्या माणसांविषयी तिने पुष्कळ वाचलं होतं. त्यातली सगळी माणसं कुणाला तरी काही तरी सांगून गेली होती. अप्पा श्रीखंड आणतो म्हणून गेले होते.

माघात आई एकदम म्हणाली, "गाडी दुरुस्त करून आण."

"काय करायचीय आता?"

"मला खाली जायचंय. दसऱ्यापासून मी हा उंबरा ओलांडलेला नाही, गो. त्यांनी माझ्यासाठी केली होती ना? मग मी काय घरात बसून मरू?" आई रडली नाही. तिने पदराने मांडीवरचा तांदूळ झटकला. "तू चालव. मला काय, मी मागेच बसते."

पोलिसांनी पंचनामा करून गाडी परत दिली होती. ब्रेक जाम होता, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढचं चाक मुरडलेलं, काच नाही, बाकी जशीच्या तशी. विनिताने टेम्पो केला आणि ती वालीवला, युजीनच्या शेडवर नेली.

युजीन नायगावच्या मिठागरांकडचा. गोदामातली नोकरी सोडल्यावर इथे फोर्कलिफ्टच्या दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. उंच, वाकलेला, सतत बोलणारा. दशक्रियेच्या दिवशी तो आला होता, कोपऱ्यात उभा राहिला आणि न जेवता गेला. त्यानंतर घरी फिरकला नाही. टेम्पो शेडसमोर थांबला तेव्हा तो बाहेर आला, गाडी पाहिली.

"मला वाटलं, भंगारात दिली असाल," तो म्हणाला.

"आईला हवीय."

"आईला." त्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "ये बाय, आत ये. ऊन लागतंय. चा घेतेस? नको? तुझा बाप पन असाच. आधी नको म्हनायचा, मग माझ्या कपातला अर्धा प्यायचा."

गाडी खाली उतरवून होईपर्यंत तो बोलतच राहिला. चाकाविषयी, सांगाड्याविषयी, पेडणेकर त्याला कशा शिव्या द्यायचा त्याविषयी. मग गाडी जॅकवर चढली, मागचं चाक निघालं, आणि तो गप्प झाला. पायाचा ब्रेक त्याने स्वतः बसवला होता. विनिताला आता कळलं, हा माणूस घरी का येत नव्हता ते.

ब्रेकचं झाकण त्याने ठोकून काढलं. आतून लाल भुगा पडला.

"बघ," तो म्हणाला. "हात लाव. गंजलाय ना? आनि आता हे बघ. हा पट्टा. हा घासतो तेव्हा गाडी थांबते. रिक्षाचा पट्टा तीन-चार म्हयन्यांत झिजतो. हा नवा आहे. मी बसवला तसाच."

"म्हणजे?"

"म्हनजे या ब्रेकवर तुझ्या बापानं पाय ठेवलाच नाय कधी. वापरला नाय म्हनून गंजला, गंजला म्हनून चिकटला." त्याने हाताने भुगा पुसला. त्याच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं आणि त्याची त्यालाच लाज वाटत असावी, कारण तो लगेच सीट उचलायला वळला. "थांब. पुढचं बघू."

सीटखालच्या कंट्रोलरला त्याने एक वायर जोडली. वायरीच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या कॅल्क्युलेटरएवढा डबा होता. बटणं दाबली तसे त्याच्या पट्टीवर एकेक आकडे येऊ लागले. गाडीने किती जोरात सुटावं, किती वेगाने जावं, आणि पॅडलवरून पाय काढला की मोटारीने किती जोरात ओढून धरावं.

"हा. हा बघ आकडा. शंभरातले पंच्यान्नव." युजीन हसला. "एवढा कोन ठेवत नाय. मानूस पुढं फेकला जातो. पन त्याचा पाय सरावलेला, हळूच सोडायचा. लोन्यावरून सुरी काढावी तसा. मी त्याला सांगितलेलं, पेडनेकर, थोडा कमी कर, पायाला ब्रेकची सवय राहू दे. मला म्हनाला, तू तुझं मीठ बघ."

चाक बदलून झाल्यावर त्याने गाडी शेजारच्या गोदामाच्या उतरणीवर नेली. माल चढवायला केलेला सिमेंटचा लांब उतार होता. तळाशी त्याने वाळूची पोती रचली. गंजलेला ब्रेक साफ करून झाला होताच, वर त्याने हाताने ओढायचा एक ब्रेकही बसवला होता. स्वतः बसून तो वरून खाली आला, मधे पाय उचलला. गाडी जागच्या जागी दबली आणि थांबली. पुन्हा केलं. पुन्हा थांबली.

तो शेडमध्ये परत आला तेव्हा विनिता भिंतीला टेकून उभी होती.

"गाडी बरोबर आहे," ती म्हणाली.

"बरोबर आहे."

"म्हणजे त्यांनी पाय उचलला असता, तर थांबली असती."

"थांबायलाच पायजे."

"आणि रुचिता म्हणते, पाय उचललेला होता." तिचा आवाज फार सरळ होता. "ती चुकली असेल. किंवा गाडीचा वेग खूप झाल्यावर, शेवटी, त्यांनी उचलला असेल. आधी मुद्दाम..." तिला पुढचा शब्द काढता येईना. "काका, त्यांनी तुम्हाला पेटी दिली तेव्हा काही म्हणाले होते?"

युजीनला समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली टाकला.

"तोंड सांभाळ, विनू. बाप होता तुझा." तो खरंच रागावला होता. "पेटी दिली तेव्हा म्हनाला, डोळ्याचं ऑपरेशन झालं की परत नेनार, तोपर्यंत एक पाना हरवला तर तुझं नाक कापीन. हे म्हनाला. ऑपरेशनची तारीख घेतलेली त्यानं. तुला सांगितलं नाय? तुला कशाला सांगेल, तू रजा काढून बसशील म्हनून."

विनिता खाली बसली. तिथे सिमेंटच्या पोत्यांशिवाय बसायला काही नव्हतं. तारीख घेतली होती. हे तिला आनंदाचं वाटायला हवं होतं.

"मग का थांबली नाही?" ती म्हणाली.

युजीन फेऱ्या मारू लागला. शेडमधला पंखा बंद पडला. लाईट गेली होती. शेजारच्या गाळ्यातून कुणीतरी वीज मंडळाला शिवी घातली. युजीन पंख्याकडे बघत उभा राहिला. पाती हळू होत होत थांबली तरी तो बघतच होता.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी कुठं होती?" त्याने विचारलं.

विनिताच्या तोंडून आईचीच वाक्यं आली. तिला ती आठवावी लागली नाहीत. "नवमीला गाडी जागची हलू दिली नाही. पुजली, माळ घातली, दिवसभर चार्जिंगला लावून ठेवली. लाईटसुद्धा एकदा गेली नाही."

"एकदा पन नाय?"

"सणाचं भारनियमन नव्हतं."

युजीन तिच्या शेजारच्या पोत्यावर बसला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गाडी इथं ठेवून जा," तो म्हणाला. "रविवारी ये. मी सांगून तुला पटनार नाय. तू पायानं बघ."

रविवारी ती गेली तेव्हा जनरेटर धडधडत होता आणि गाडीला वायर लावलेली होती. चार्जरवरचा हिरवा दिवा स्थिर होता. युजीनने वायर काढली आणि गाडी ढकलत उतरणीच्या माथ्यावर नेली. विनिताला पुढे बसवलं, स्वतः बाजूला लोंबकळत हाताचा ब्रेक धरून उभा राहिला.

"पॅडल दाब. थोडं. सुटली? आता पाय उचल."

तिने पाय उचलला.

काही झालं नाही. परवा जी गाडी दबून थांबली होती ती आता तशीच उतरत राहिली, आणि मोठ्या शांतपणे वेग घेऊ लागली. विनिता वाट बघत बसली. आता धरेल, आता धरेल, असं तिच्या पायाला, पोटाला वाटत होतं, आणि खालची पोती जवळ येत होती. ब्रेकचं पॅडल तिच्या पायापाशीच होतं. ते आहे हे तिला माहीत होतं. युजीनने हाताचा ब्रेक ओढला तेव्हा पुढचं चाक पोत्यात अर्धं रुतलं होतं.

ती हँडल धरून बसून राहिली.

"तू ओरडलीस?" युजीनने विचारलं.

"नाही."

"ब्रेकवर पाय ठेवलास?"

"नाही."

"का?"

"मला वाटलं, धरेल."

युजीनने मान हलवली. मग त्याने तिला समजावून सांगितलं, हळूहळू, तिच्याकडे न बघता. पाय उचलल्यावर मोटार गाडीला ओढते तेव्हा वीज तयार होते. ती बॅटरीत जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर तिला जायला जागाच नाही. मग कंट्रोलर बॅटरी फुटू नये म्हणून ओढणंच सोडून देतो. चार-दोन किलोमीटर गाडी चालली, थोडी जागा झाली, की पुन्हा धरायला लागतो. फोर्कलिफ्टवाल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं.

"मग अप्पांना ठाऊक नव्हतं?"

"त्यानंच मला शिकवलं." युजीनने नाक शिंकरलं. "पन बाय, तुमच्या चंदनसारला बॅटरी कधी भरली होती? रोज सकाळी लाईट नाय, संध्याकाळी लाईट नाय. मधे जी काय येईल ती. गाडी केल्यापासून ती एकदा पन काठोकाठ भरली नसनार. त्याला हे लक्षात ठेवायचं कारनच पडलं नाय. आनि उतार तुमचा घरापासूनच सुरू. आधी चालवून जागा करावी म्हटलं तर जागा कुठं?"

जनरेटर बंद झाला होता. विनिता अजून गाडीतच होती.

ओरडले नाहीत. हँडल धरून नुसते बसले होते. रुचिताने बरोबर पाहिलं होतं, अगदी बरोबर. ते वाट बघत होते. रोज धरते, आज का धरत नाही, एवढा विचार मनात यायला जितका वेळ लागतो तितकाच उतार होता. आणि नंतर ब्रेकवर पाय मारला असेल, तर तो ब्रेक गंजलेला होता.

तिला हवं होतं ते मिळालं होतं. अप्पांना मरायचं नव्हतं. डोळा बरा करून घ्यायचा होता, पेटी परत आणायची होती, श्रीखंड आणायचं होतं. आपल्याला हलकं वाटेल असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं. आता तिच्यासमोर फक्त आई दिसत होती, हळदीकुंकवाचं ताट घेऊन गाडीपुढे वाकलेली. वायर भिंतीच्या प्लगात खोचणारी. पोटभर असू दे म्हणणारी.

"हा आकडा," युजीन म्हणाला. त्याने डबा पुन्हा जोडला होता. "हा ठेवून तू गाडी नेऊ नको. तुझा पाय पन त्याच्यासारखाच आळशी होनार. मी तीसवर आनतो. मग पाय उचलून भागनार नाय, रोज ब्रेक मारावाच लागेल, आनि ब्रेक जागा राहील."

"जुना आकडा राहतो का त्यात कुठे?"

"नाय. नवा घातला की जुना गेला."

विनिताने डबा हातात घेतला. पट्टीवर पंच्याण्णव होतं. अप्पांनी तो एकदम ठरवला नसणार. थोडा वाढवायचा, उतारावर जाऊन यायचं, मागे बसलेल्या आईला विचारायचं, धक्का बसतो का. पुन्हा थोडा वाढवायचा. त्यांच्या उजव्या पायाचं वजन, त्यांचं हळूच सोडणं, त्या रस्त्याची खडी, सगळं मिळून तो आकडा झाला होता. त्यांचा शर्ट धुऊन झाला होता, चष्मा आईने कपाटात ठेवला होता. हा आकडा मात्र अजून काम करत होता.

"इथं दाबून धरायचं?" तिने विचारलं.

"खालचा बाण."

आकडे उतरत गेले. तीसवर तिने बोट उचललं. युजीनने शेवटचं बटण दाखवलं, ते तिने दाबलं.

निघताना तो टेम्पोपर्यंत आला. "आईला काय सांगनार?"

"माहीत नाही."

"माझा ब्रेक जाम होता, असं सांग."

विनिताने त्याच्याकडे पाहिलं.

"खोटं नाय ते. पोलिसांनी पन तेच लिवलंय. बसवला मी, वर्षातून एकदा उघडून बघायला मीच यायला पायजे होतं." त्याने टेम्पोच्या फळीवर थाप मारली. "माझं काय, मला शिव्या खायची सवय आहे. तिला दुसरं कळलं तर ती दिवा पन लावनार नाय देवापुढं. आनि मग तुझ्याकडंच बघत बसेल."

घरी आई दारात खुर्ची टाकून बसली होती. गाडी अंगणात उतरली तशी ती भिंत धरून उठली, गाडीभोवती फिरली, सोफ्यावरची धूळ पदराने झटकली. मग विचारलं, "काय निघालं?"

विनिता पायऱ्यांवर चप्पल काढत होती. ती तिने फार सावकाश काढली.

"ब्रेक गंजला होता."

"गंजला? यांच्या गाडीचा ब्रेक?" आई थांबली. "ब्रेक त्या युजीनने बसवला होता ना?"

विनिता काही बोलली नाही. गप्प राहणंही बोलणंच आहे, हे तिला कळत होतं.

"तरीच," आई म्हणाली. "तरीच तोंड दाखवत नाही. दहाव्याला न जेवता पळाला तेव्हाच माझ्या मनात आलं होतं." तिचा चेहरा किती तरी दिवसांत प्रथमच जागा झाला होता. गालांवर रंग आला होता. "मी इकडे देवीला विचारत होते, माझं काय चुकलं, कुठे कमी पडलं. आणि हा! यांच्या ताटात जेवलेला माणूस. त्याला सांग, माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही. आणि तूही तिकडे जायचं नाहीस."

"बरं."

"शपथ घे."

"जात नाही म्हटलं ना, आई."

अप्पांविषयी बोलता येईल असा एकच माणूस उरला होता. अप्पा कुणाच्या कपातला चहा प्यायचे, कशा शिव्या द्यायचे, हे त्याला ठाऊक होतं. नाक कापण्याची धमकी देऊन ठेवलेली पेटी त्याच्याच शेडमध्ये होती. ती आता तिथेच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी विनिताने रजा घेतली. आईला खालच्या देवळात जायचं होतं. आईने सकाळीच गाडी चार्जिंगला लावली. जाऊबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना सगळं नव्याने सांगितलं, युजीनचं नाव घेऊन. आणि शेवटी जुनीच वाक्यं. नवमीला हलू दिली नाही. पोटभर असू दे म्हटलं. माझ्याकडून काही कमी पडलं नाही. आवाज आता स्वच्छ होता, खात्रीचा.

विनिता अंगणात गाडीपाशी उभी होती. एव्हाना रोज लाईट जाते. आज गेली नव्हती. समोरच्या घरात रेडिओ चालू होता, रुचिताच्या खिडकीतला पंखा फिरत होता. चार्जरचा लाल दिवा अजून लाल होता. तिने वाकून प्लग काढला.

"काय करतेस?" आतून आईचा आवाज आला. "लाईट आहे तोवर राहू दे की. भरली का?"

"पुरे झाली."

"हिरवा झाला?"

"नाही."

"मग?" आई दारात आली. नेसायचं पातळ हातात, कपाळाला गंध. "लाव गो परत. अर्धपोटी कशाला न्यायची तिला?"

विनिता वायर गुंडाळत राहिली. हाताच्या कोपरावरून अंगठ्यावर, अंगठ्यावरून कोपरावर, अप्पा गुंडाळत तशी.

"उशीर होईल, आई," ती म्हणाली. "तू नेसून घे."

आई पुटपुटत आत गेली. विनिता पुढच्या सीटवर बसली आणि ब्रेकच्या पॅडलवर पाय ठेवला. ते खाली जात होतं. उतार समोर सरळ पडला होता, तळाशी कठडा होता, त्याच्या दोन दगडांमधलं सिमेंट नवं होतं. तिने पाय उचलला, पुन्हा ठेवला. आई येईपर्यंत ती तेवढंच करत राहिली.